गावचा हिस्सा आणि डोंबिवलीचा ब्लॉक

वर्तमानपत्रांच्या मालमत्ता पुरवण्यांत दोन बाजार पानं वाटून बसलेले असतात. एका पानावर डोंबिवली, बदलापूर, विरारचे वन बीएचके. दुसऱ्या पानावर दापोली, गुहागर, मालवणकडचे ‘सेकंड होम’चे प्लॉट. वाचणाऱ्याला वाटावं की दोन्हीकडचं गिऱ्हाईक वेगळं, अडचणी वेगळ्या. प्रत्यक्षात डोंबिवलीत घर घेणारा आणि रत्नागिरीत जमीन विकणारा हा कितीतरी वेळा एकच माणूस असतो, नाहीतर एकाच घरातले दोन भाऊ. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या टोकाकडच्या जुन्या सोसायट्यांमधल्या जिन्याखालच्या नावांच्या पाट्या वाचल्या तरी हे कळतं. सावंत, राणे, कदम, शिर्के, पाष्टे, घाग. या लोकांचा घराचा हप्ता पगारातून फिटला. पण हप्ता सुरू होण्याआधी जी रक्कम भरावी लागते ती पगारातून कधीच निघाली नाही. ती निघाली बायकोच्या सोन्यातून, फंडातून आणि गावच्या हिश्श्यातून.

म्हणून उपनगरातल्या घरबाजाराबद्दल बोलायचं तर गावच्या सातबाऱ्याबद्दल बोलावं लागतं. तिथला कागद अडला की इथला व्यवहार अडतो, आणि अडलेल्या माणसाला भाव मिळत नाही, मग तो विकणारा असो की घेणारा.

२०२५ मध्ये घर घेणाऱ्यांना दिलासा मिळाला असं म्हणतात. ते खोटं नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२५ मध्ये साडेसहा टक्क्यांवरून उतरायला लागला आणि डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. २८ लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, व्याज ९ टक्क्यांवरून पावणेआठवर आलं असं धरलं, तर हप्ता सुमारे २५,२०० वरून २३ हजारांवर येतो. महिन्याला २,२०० रुपये वाचले. आनंदच आहे. पण हप्ता स्वस्त झाला म्हणून सुरुवातीची रक्कम कमी होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत. ही झाली कमाल मर्यादा. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येऊन गेला आणि त्याने किंमत कमी लावली की टक्का त्या कमी किमतीवर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी पदरचीच. व्याजदराच्या बातम्यांना पहिलं पान मिळतं, पण उपनगरातला मध्यमवर्गीय खरेदीदार पडतो तो या सुरुवातीच्या रकमेत.

आता या रकमेला आणखी मोठं भगदाड पाडणारी एक रीत आहे. तिचा उच्चार हळू आवाजात होतो: “थोडं कॅशमध्ये करावं लागेल.” जुना फ्लॅट विकणारा हे म्हणतो, एजंट मान डोलावतो, आणि घेणाऱ्याला सांगितलं जातं की यात तुमचाही फायदा आहे, स्टॅम्प ड्यूटी वाचते. हा फायदा एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, डोंबिवलीतला वन बीएचके ३५ लाखांना ठरला. मुद्रांक शुल्क सर्व अधिभारांसह ७ टक्के, नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. संपूर्ण व्यवहार चेकने केला आणि बँकेने ८० टक्के म्हणजे २८ लाख दिले, तर घेणाऱ्याला स्वतःचे ७ लाख, मुद्रांक शुल्काचे २ लाख ४५ हजार आणि नोंदणीचे ३० हजार लागतात. एकूण पावणेदहा लाख. आता ७ लाख रोख ठरले आणि करारात २८ लाख लिहिले. रेडी रेकनरचा सरकारी भाव त्याखाली आहे असं धरू. बँक ९० टक्क्यांनी २५ लाख २० हजार देईल. पदरचे २ लाख ८० हजार, रोख ७ लाख, मुद्रांक शुल्क १ लाख ९६ हजार, नोंदणी २८ हजार. बेरीज १२ लाखांच्या वर.

म्हणजे सरकारी शुल्कात ५१ हजार वाचवायला घेणाऱ्याने आजच्या आज सव्वादोन लाख जास्त उभे करायचे. ज्याच्याकडे नेमकी हीच रक्कम नाही, त्याने. शिवाय पुढे तोच फ्लॅट विकताना त्याची खरेदी किंमत २८ लाखच धरली जाणार. न झालेल्या ७ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी साडेसत्याऐंशी हजार कर. तो टाळायचा तर त्यालाही पुढच्या गिऱ्हाइकाकडे रोख मागावी लागते. साखळी अशी चालू राहते. विकणाऱ्याला तरी काय मिळतं? राहतं घर विकून दुसरं घर घेणाऱ्याला नफ्यावरच्या करातून ठरावीक मुदतीत सूट मिळतेच. त्याला रोख हवी असते कारण तो ज्याचं घर घेतोय तोही रोख मागतोय. शिवाय जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला मनाई आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. हा नियम एजंट सांगत नाही.

याचा परिणाम त्या दोघांपुरता राहत नाही. नोंदवलेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू महाराष्ट्रात कोणालाही ऑनलाइन शोधता येतो. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट कितीला गेला हे खरं तर कोणालाही कळायला हवं. पण तिथे लिहिलेला आकडा चेकचा. खरा आकडा एजंटच्या डोक्यात. त्यामुळे विकणाऱ्याला वाटतं आपण स्वस्तात दिलं, घेणाऱ्याला वाटतं आपल्याला फसवलं, आणि दोघांनाही पडताळायला काही साधन नाही. ज्या बाजारात भाव ही सार्वजनिक गोष्ट नाही, तिथे भाव सांगणाऱ्याला भाव येतो. एजंट मंडळींवर माझा राग नाही; सातबारा आणि नकाशा घेऊन चार कचेऱ्यांच्या फेऱ्या मारणारा माणूस या व्यवस्थेला लागतोच. पण ती फी फेऱ्यांची असावी, अंधाराची नको.

आता गावाकडे.

कोकणातल्या घराची विक्री ही घाटावरच्या विक्रीपेक्षा वेगळी भानगड आहे. घाटावर घर बहुधा गावठाणात असतं. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये. ती घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. बँक त्यावर सहसा कर्ज देत नाही. हा प्रश्न सोडवायला महाराष्ट्राने चांगली सुरुवात केली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावाचं गावठाण ड्रोनने मोजून झालं आणि पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. मिळकत पत्रिका हातात आली की गावठाणातल्या घराला पहिल्यांदा मोजलेली हद्द आणि मालकाचं नाव मिळतं. कोकणात मात्र वाड्या विखुरलेल्या. कितीतरी घरं गावठाणात नाहीतच. ती सातबाऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत. आणि त्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं.

एक नमुना पाहू. तपशील काल्पनिक, पण राजापूर-लांज्याकडच्या कुणालाही ओळखीचा वाटावा असा. १८ गुंठ्यांची जागा, त्यात चिरेबंदी जोत्याचं कौलारू घर, मागे चार हापूस, एक फणस, विहिरीत निम्मा वाटा. सातबाऱ्यावर २३ नावं, त्यांतली ९ मयत. हिस्से आणेवारीत: कुणाचे दोन आणे, कुणाचे सहा पै. एक शाखा बडोद्याला, एक मुंबईत, एका काकांचा पत्ता कुणालाच नाही. वारस नोंद आजोबा गेले तेव्हाच करायची राहिली. डोंबिवलीतल्या नातवाला आपला हिस्सा विकून घराची सुरुवातीची रक्कम भरायची आहे. त्याने इसार देऊन ठेवलाय आणि करारासाठी मुदत आहे तीन महिने.

त्याच्या समोर गिऱ्हाइकं किती? मुंबई-पुण्याचा माणूस रस्त्याला लागून असलेली, स्वतंत्र सातबाऱ्याची, मोजणी झालेली जागा मागतो. वाडीच्या मधोमध असलेलं जुनं घर त्याच्या हिशेबात शून्य. उलट पाडायचा खर्च तो भावातून वळता करतो. शिवाय शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असला पाहिजे ही कुळकायद्याची अट. राहता राहिले भाऊबंद. म्हणजे एका वस्तूला एकच गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाला माहीत आहे की दुसरं येणार नाही. तो म्हणतो ती किंमत. नाहीतर तालुक्याच्या गावातून एखादा ‘गुंतवणूकदार’ येतो. तो घर मागत नाही, जागाही मागत नाही. तो नातवाचा अविभक्त हिस्सा मागतो, रोखीने, पडत्या भावात, कुलमुखत्यारपत्रासकट. आणखी दोन-तीन हिस्सेदारांकडून असेच हिस्से उचलतो आणि वाटपाचा दावा लावून बसतो. त्याला घाई नाही. नातवाला तीन महिने आहेत.

या साऱ्या बाजाराची किल्ली मला इथे दिसते. वीस वर्षं दावा चालवायला तयार असलेला माणूस जमीन अर्ध्या किमतीत घेतो, कारण ज्याच्याकडून घेतो त्याला शहरातली मुदत गाठायची असते. उपनगरातलं घर महाग पडतं यात गावची जमीन स्वस्तात गेली याचाही वाटा आहे, आणि हा वाटा कुठल्याच घर-परवड निर्देशांकात दिसत नाही.

बहिणींच्या सह्यांमुळे व्यवहार अडतात असं गावोगाव ऐकू येतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. तेव्हापासून ही कुरकुर वाढली. मला ती मान्य नाही. हक्कसोड पत्रावर सही हवी असते तेव्हाच बहिणीची आठवण होते, चोळी-बांगडीत भागवायचा बेत असतो, आणि तिने हिस्सा मागितला की ती व्यवहार मोडणारी ठरते. तिला वेळेवर विचारून वाटणीपत्र केलं असतं तर तिच्याही वाट्याला काही आलं असतं आणि सातबाराही सुटला असता.

सरकारी भाव हे गावाकडचं आणखी एक दुखणं. रेडी रेकनरचे दर दोन वर्षं तसेच ठेवून एप्रिल २०२५ मध्ये राज्यात सरासरी चारेक टक्क्यांनी वाढवले. शहरात हा दर बाजारभावाच्या खाली राहतो, म्हणून तिथे रोखीला जागा मिळते. ओसरत चाललेल्या गावात तो कधी कधी खऱ्या भावाच्या वर जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढली नाही, घटली. तिथल्या बंद घराला गिऱ्हाईक येतं तेच मुळात भाव पाडून. मग मुद्रांक शुल्क भरायचं ते सरकारी भावावर. फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर प्राप्तिकर खातं विकणाऱ्याला तो जास्तीचा भाव मिळालाच असं समजतं, आणि घेणाऱ्याला तेवढं उत्पन्न झालं असंही. शहरातल्या खोट्या किमतीला लगाम घालायला केलेली तरतूद गावातल्या खऱ्या किमतीला दंड करते.

इतकं सगळं करून नोंदणी झाली, तरी माणूस निर्धास्त होतो का? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. मालकी खरी की खोटी हे ठरवणं त्याचं कामच नाही. सरकार शुल्क पूर्ण घेतं आणि हमी कसलीच देत नाही. त्याचे परिणाम डोंबिवलीत दिसले. महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडाव्यात असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या इमारतींमधल्या कुटुंबांनी गृहकर्जं काढून, नियामकाचा क्रमांक बघून घरं घेतली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची एक अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. स्वस्त घराच्या शोधात लोक लोकलच्या शेवटच्या स्थानकांपर्यंत जातात, तिथे नेमकी छाननी सगळ्यात विरळ. रेरा कायद्यातून ५०० चौरस मीटरपर्यंतचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प वगळलेले आहेत. तालुक्याच्या गावात आणि शहराच्या काठावर अशाच लहान इमारती भरपूर उठतात.

यावर सरकारचं ठरलेलं औषध म्हणजे नियमितीकरण. गुंठेवारी कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीच्या तुकड्यांना सवलत. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. त्याविरुद्ध झालेले व्यवहार कायम करायला आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम होती, मग ५ टक्के केली, आणि २०२५ मध्ये तीही माफ करून ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार मोकळे करायचं ठरलं. ज्यांची आयुष्याची कमाई त्या दोन गुंठ्यांत अडकली होती त्यांच्यासाठी हे बरंच झालं. पण दर काही वर्षांनी तारीख पुढे सरकते हे प्लॉट पाडणाऱ्यालाही कळलेलं असतं. रीतसर बिगरशेती करून, रस्ते आणि मोकळी जागा सोडून लेआउट मंजूर करून घेणाऱ्याचा प्लॉट महाग पडतो. शेजारचा नोटरीवर विकलेला गुंठा स्वस्त, आणि थोडं थांबलं की तोही कायदेशीर. अशा वेळी शहाणपण कोणत्या प्लॉटमध्ये आहे, हे गिऱ्हाइकाला वेगळं शिकवावं लागत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. कागद साफ झाले तर कोकण आणखी वेगाने विकलं जाईल. आज २३ नावांचा सातबारा हीच शेवटची तटबंदी आहे. सह्या जमत नाहीत म्हणून तरी जमीन राहिली आहे. जुनी माणसं सांगतात, शेवटचा तुकडा विकू नका. त्यात भावनेइतकाच व्यवहारही आहे: सातबाऱ्यावर नाव राहिलं तर शेतकरी म्हणून पुन्हा कधीतरी जमीन घेता येते, ते गेलं की ती वाट बंद. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं; पनवेल-उरण आणि त्याखालच्या पट्ट्यात जमिनीला काय भाव आलाय ते सगळे बघतायत. मोकळा सातबारा म्हणजे दलालाला आमंत्रण, असं वाटणं साहजिक आहे.

पण गुंतलेल्या कागदाने जमीन वाचते, हे मला पटत नाही. जमीन आजही जातेच आहे. फक्त ती आधी अडलेल्याची जाते आणि कमी भावात जाते. ज्याला राखायची आहे त्यालाही गुंता आडवा येतो. सामाईक जागेत नवं घर बांधायला इतर हिस्सेदारांची संमती लागते, बँक कर्ज देत नाही, पडकी भिंत उभारताना भाऊबंद पोलिसांत जातात. परत गावी येऊन राहू पाहणारा निवृत्त माणूस या कटकटीला कंटाळून तालुक्याच्या ठिकाणी फ्लॅट घेतो. घर राखलं जात नाही आणि विकलंही जात नाही. पावसाळ्यागणिक कौलं सरकतात, वासे कुजतात. जमीन बाहेरच्यांना जाऊ नये असं वाटत असेल तर त्यासाठी उघड धोरण करावं: सहहिस्सेदाराला पहिला हक्क वापरता यावा म्हणून त्याला स्वस्त कर्ज, शाखांमधल्या खरेदीवर नाममात्र मुद्रांक शुल्क. अडाणी नोंदींच्या भरवशावर धोरण चालत नाही.

सरकारने काय करावं याची यादी लांब होईल. मी दोनच गोष्टींवर अडून बसेन. नोंदणी करणाऱ्या कार्यालयाने दस्त घेण्याआधी जमिनीची, इमारत परवानगीची आणि बोज्याची नोंद स्वतः तपासावी आणि तपासणी चुकली तर भरपाई द्यावी. इतकं शुल्क घेणाऱ्या खात्याकडून ही अपेक्षा जास्त नाही. आणि रेडी रेकनर वाडी-वस्तीपर्यंत खरा करावा, म्हणजे शहरात रोखीची फट बुजेल आणि गावात न मिळालेल्या पैशांवरचा कर थांबेल.

वाचकांशीही दोन शब्द. एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्याचं काम गावपातळीवर चालतं. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला असला तरी अर्ज त्याच्याकडेच करायचा आहे. तुम्हाला जमीन विकायची असो वा नसो, वारस नोंद करून घ्या. आत्याला आणि बहिणींना आधी विचारा, त्यांची नावं लावा, वाटणीपत्र करून मोजणी मागवा. गणपतीला गावी भाऊबंद जमतात तेव्हा कोण हयात आहे, कोण कुठे आहे हे एका कागदावर लिहून काढायला एक दुपार पुरते. आणि उपनगरात घर घेताना कुणी रोख मागितली, तर वरची बेरीज त्याच्यासमोर मांडा आणि सरळ नाही म्हणा. व्यवहार मोडला तर मोडू द्या.